डिंडोलीचा सेंटर फॉरवर्ड

वाल्मिक माजोरडा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या डिंडोलीत अजूनही काही शहाणे पानाच्या टपरीवर उभे राहून सांगतात, की पोराच्या डोक्यात हवा गेली आणि हाताशी आलेली नोकरी घालवून बसला. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. पण मी त्याच टीमचा गोली होतो, पळायचा कंटाळा म्हणून झालेला, आणि त्या दिवशी मैदानात होतो. म्हणून मला राग येतो.

टीम बाजीरावकाकांची. काका भेस्तानला राहायचे, रेल्वेत रुळांच्या दुरुस्तीवर होते आणि तरुणपणी हॉकी चांगली खेळले होते. ड्यूटी संपली की रुळांलगतच्या मोकळ्या जागेवर ते आम्हाला शिकवायचे. हॉकीच्या जोरावर पोरांनी कॉलेजच्या संघात जावं, तिथून नोकरी देणाऱ्या एखाद्या मोठ्या संघात, एवढंच त्यांचं म्हणणं. दोघं तसे कॉलेजात गेलेही होते. काकांची एक रीत मात्र जगावेगळी होती. ते कधी शिट्टी वाजवायचे नाहीत. रुळांवर शिट्टी म्हणजे गाडी आली. शेजारी काम करणारी माणसं हातातलं टाकून बाजूला उड्या मारतील. म्हणून लाल झेंडी वर गेली की थांबायचं, हिरवी दिसली की खेळायचं. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

वाल्मिक आमचा सेंटर फॉरवर्ड. चेंडू त्याच्या स्टिकला एकदा लागला की परत मिळायची आशा सोडायची. त्याचे वडील सुपडूबाबा पारोळ्याकडचे, उधन्याला कापड विणायच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कारीगर. खात्याचा नियम साधा होता. कारीगर आला नाही तर त्यानं आपला बदली उभा करायचा, नाहीतर त्याची मशीनं दुसऱ्याला जातात. सुपडूबाबांचा बदली वाल्मिक. गावी लग्न निघो, दहावा निघो की बाबांना ताप येवो, तेराव्या वर्षापासून तोच उभा राहायचा. पुढे बाबांना दम लागायला लागला, तेव्हा तर अर्धा आठवडा तोच असायचा.

धोट्यांच्या त्या खटखटीत माणसं बोटांनी आणि ओठांनी बोलतात. घरी आली तरी ओरडूनच बोलतात. सुपडूबाबांच्या घरात कुणी मीठ मागितलं तरी बाहेरच्याला भांडण लागलंय असं वाटायचं. तिथं कुणाला कमी ऐकू येतंय हे कळणार कसं? वाल्मिकची आई, भागीरथीमावशी, उलट कौतुकानं सांगायच्या, "मना वाल्या कधी उलटं बोलस नही."

स्पर्धांमध्ये पंचांची शिट्टी असायचीच. पण वाल्मिकची नजर घारीची. बाकीच्यांचे पाय थांबले की हाही थांबायचा.

आमच्याकडे प्लेगची साथ आली, त्याच्या पुढच्या वर्षी बडोद्याला एका मोठ्या संघाची निवड होती. निवड झाली की नोकरी, महिन्याचा पगार आणि वर खेळायला मिळणार. सुपडूबाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की पोराला नोकरी लागली की मी मशीन सोडणार. काका आम्हा दोघांना घेऊन गेले. मी पहिल्या फेरीतच बाहेर पडलो. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण वाल्मिकचा खेळ बघून निवडणारी माणसं खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

मग तो चेंडू घेऊन एकटाच पुढे निघाला. मागे कुणीतरी फाऊल केला आणि पंचांनी शिट्टी वाजवली. सगळे थांबले. वाल्मिकच्या पुढे बघायला फक्त गोली होता. त्यानं गोल मारला आणि हात वर केले. पंचांनी ताकीद दिली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं, तेव्हा त्यांनी त्याला बाहेर काढलं. निवड समितीतल्या एकानं मागून हाक मारली, तर हा चालतच राहिला.

"बहोत घमंड है," समितीचा तो माणूस म्हणाला.

काकांनी पंचांकडून शिट्टी मागून घेतली आणि बुटाची लेस सोडत बसलेल्या वाल्मिकच्या मागे जाऊन जीव खाऊन वाजवली. आजूबाजूच्या साऱ्यांनी माना वळवल्या. वाल्मिक लेस सोडत राहिला. काका तिथंच मातीत बसले. मोठ्या माणसाला मी तसं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं. मशीनच्या आवाजानं कानाच्या नसा मेल्यात, शिट्टीसारखे बारीक, चढे आवाज याला ऐकूच येत नाहीत, आणि यावर औषध नाही, असं ते म्हणाले. समितीचा तो माणूस ओशाळला होता, पण कान पास झाल्याशिवाय नोकरी देता येत नव्हती. परतीच्या गाडीत वाल्मिक खिडकीबाहेर बघत होता.

घरी काकांनी सगळं सांगितलं. सुपडूबाबा ऐकताना आपल्याच हातांकडे बघत राहिले.

"त्याला आता तरी मशीनवर पाठवू नका," काका म्हणाले. "आहेत तेवढे कान राहू द्या."

बाबांनी मान डोलावली. भागीरथीमावशींनी दारात बसलेल्या धाकट्या ललितकडे पाहिलं. घरात बदली म्हणून उभं राहायला आता तोच उरला होता. तोही काकांकडे नुकताच खेळायला लागला होता.

आईची नजर कुठं गेली ते वाल्मिकला बरोबर दिसलं. तो बाबांच्या समोर येऊन बसला.

"आबा, ललितले नका धाडू, मीच जासू," तो म्हणाला. "मना कान ते गयात. आते आखो काय जाई?"