दत्ताराम परबाचा भूगोल

एकोणतिसाव्या वर्षी कॉलेजात जायचं खूळ घेतलेला माणूस त्या वेळी अख्ख्या लालबागेत एकच असावा, आणि तो म्हणजे दत्ताराम परब. गिरणीच्या साचेखात्यात मागावर सकाळपाळी करायची, साडेतीनला सुटायचं, चौदा जणांच्या गाळ्यात आपल्या वळकटीवर बसून पुस्तक उघडायचं आणि दिवेलागणीला रात्रशाळा गाठायची. एस.एस.सी.ला तो दोनदा आपटला होता, दोन्ही वेळा इंग्रजीत. तिसऱ्या खेपेला त्याने गावी बायकोला कळवूनच टाकलं, यंदा पास झालो तर कॉलेज, नाही तर पुस्तकं रद्दीत घालीन आणि पुन्हा नाव काढणार नाही.

हे खूळ तसं एकट्याचं नव्हतं. शेजारच्या साच्यावरचा लवू आणि तो, दोघांनी मिळून रात्रशाळेत नाव घातलं होतं. पण छप्पन साली जानेवारीत मुंबईसाठी रस्ते पेटले, मोर्च्यात लवूला गोळी लागली आणि तो जागीच गेला. त्याच्या हातात संयुक्त महाराष्ट्राच्या नकाशाचा बोर्ड होता, दत्तारामने रंगवलेला. लवूच्या मागे सुंदराबाईने खाणावळ घातली आणि दत्ताराम दोन्ही वेळ तिथेच जेवू लागला. तिने वाढलेला भात घशाखाली उतरताना त्याला दर वेळी वाटायचं, बोर्ड मी धरायला हवा होता. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही, आणि कुणालाच नाही.

सांगण्याऐवजी तो रंगवत सुटला. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामातला त्याचा सोबती भिवा फळ्या ठोकून द्यायचा, दत्ताराम त्यावर नकाशा काढायचा. डांग, उंबरगाव, बेळगाव, कारवार आणि मधोमध नसली तरी सगळ्यात ठळक मुंबई. वर्षभरात दीडदोनशे बोर्ड तरी झाले असतील. शेवटी शेवटी तो भिवाशी गप्पा मारत, खाली न बघता ती रेघ ओढायचा.

याच सवयीने त्याचा घात केला. पूर्वपरीक्षेत भूगोलाच्या पेपरात आलं, ‘मुंबई राज्याचा नकाशा काढून कापसाचे प्रदेश दाखवा.’ दत्तारामने झोकात नकाशा काढला, कापूस भरला, बंदरं दाखवली आणि पेपर देऊन बाहेर आला. गुजरात कुठेच नव्हता. आपण काय काढलं हे त्याला रात्रशाळेतल्या सबनीस मास्तरांनी शून्य दाखवलं तेव्हा कळलं.

‘परब, अहो मोर्च्यात मी तुमच्या बरोबरीने चालतो,’ मास्तर म्हणाले. त्यांच्या कोटाला समितीचा बिल्लाही होता. ‘पण एस.एस.सी. बोर्डाचा पेपर तपासणारा कुठे चालतो, ते मला ठाऊक नाही. नकाशाला पंधरा मार्क आहेत. इंग्रजीत कसेबसे सुटाल, आणि भूगोलात बुडाल.’

‘मग काढू कुठला, सर?’

इथे मास्तरही घोटाळले. क्रमिक पुस्तकात जुनं मुंबई राज्य होतं, खाली धारवाडपर्यंत गेलेलं. सरकारने तर नोव्हेंबरात सगळंच ढवळून टाकलं होतं. कानडी जिल्हे गेले, कच्छ, सौराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ आले आणि मराठी-गुजराती असं एकच द्वैभाषिक राज्य उभं राहिलं. नवं पुस्तक मात्र निघालंच नव्हतं. हेडमास्तर म्हणत पुस्तकातला काढा, सबनीस म्हणत सरकारातला काढा. भिवाला विचारलं तर तो हातोडी खाली टाकून ताडकन उभा राहिला.

‘द्वैभाषिक काढतोस? तू? अरे लवू कशापायी मेला रे?’

‘नाही काढलं तर नापास होईन.’

‘मग हो नापास! शंभर जणं मेली, तुला एक वर्ष जड झालं?’

दत्तारामचं डोकं भंजाळून गेलं. नापास झालो तर लवूचं कॉलेज राहिलं, पास झालो तर लवूचा नकाशा गेला. साच्यावर धागा तुटला तरी त्याला दिसेना, जॉबरच्या शिव्या खाऊन झाल्या. शेवटी त्याने सबनिसांकडून द्वैभाषिकाचा नकाशा उतरवून घेतला आणि रोज दुपारी गिरवायला बसला. पहिले आठ दिवस हात बेळगावकडेच पळायचा. त्याने हट्टाने खोडलं, पुन्हा काढलं. बोर्ड रंगवायला जाणं बंद केलं. भिवा रस्त्यात दिसला की तो समोरच्या फुटपाथला जायचा, आणि स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

मार्चात परीक्षा झाली. नकाशा आलाच. दत्तारामने तो मुकाट काढला, कच्छापासून चांद्यापर्यंत.

जूनमध्ये निकाल लागला. तो पास झाला, इंग्रजीत छत्तीस, भूगोलात एकावन्न. गाळ्यातल्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. पेढ्यांचा पुडा घेऊन तो खाणावळीत गेला तेव्हा पंगत उठली होती आणि सुंदराबाई जमीन पुसत होती.

‘वैनी, पास झालो.’

ती हातातलं फडकं टाकून उठली. पेढा लवूच्या फोटोपुढे ठेवला, आणि तिचे डोळे भरून आले.

‘वैनी, पेपरात मी...’ दत्ताराम म्हणाला, मग वाक्य बदललं. ‘नकाशा होता पेपरात.’

‘नकाशो?’ तिने डोळे पुसले. ‘दत्ताराम, एक सांगू? तो ज्येच्यासाठी गेलो, तो नकाशो माका कोणी धड दाखवल्यानच नाय. मोर्च्यात लांबसून बघलंय तेवढोच. तू आता शिकलेलो माणूस. माका काढून दाखव.’

तिने चुलीतला कोळसा त्याच्या हातात दिला. दत्ताराम भिंतीशी उकिडवा बसला. त्याला गलबलून आलं होतं. आज इथे, लवूच्या फोटोसमोर, तिला लवूचा नकाशा नीट काढून दाखवायचा, असं म्हणून त्याने रेघ ओढायला घेतली. ओढून झाल्यावर तो मागे सरला आणि बघू लागला. भिंतीवर कच्छ होतं, सौराष्ट्र होतं. बेळगाव, कारवार कुठे नव्हतं.

सुंदराबाई जवळ आली. पदर सावरून तिने वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘एवढो मोठो?’ ती हळूच म्हणाली. ‘मगे फुकट नाय गेलो तो.’

दत्तारामने पुसायला हात पुढे केला.

‘रवांदे,’ म्हणत तिने त्याचा हात बाजूला केला, आणि ती त्याचं ताट वाढायला वळली.

दत्ताराम जेवायला बसला. तोंड उघडावं की मिटून ठेवावं, ते त्याला शेवटचा घास होईपर्यंत समजलं नाही. पुढे ती खाणावळ होती तोवर दर दिवाळीला सगळ्या भिंतींना चुना लागायचा, तेवढा एक तुकडा सोडून.