बेनचं तेल आणि आमची डोकी

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्वदीर्घ चौथीत जेवढं कळलं तेवढंच आजही कळतं. जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे, कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. मात्र एक गोष्ट मी ठामपणे लिहू शकते. डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात माणसाच्या तोंडाकडे न बघता थेट भांगाकडे बघणारी बाई एकच आहे, आणि ती मसोलीत माझ्या भिंतीला भिंत लागून राहते.

सगळे तिला बेन म्हणतात. ती मूळची गुजरातची, सिद्दी लोकांतली. तिच्या पूर्वजांना फार पूर्वी जहाजातून आफ्रिकेहून आणलं होतं, एवढंच तिला ठाऊक. कुठलं गाव, कुठली बोली, ते सगळं समुद्रात बुडालं आणि वर तरंगत राहिले ते फक्त केस, असं ती सांगते. काळेभोर, गच्च, स्प्रिंगसारखे वळलेले केस. पावसातून आली की थेंब केसांवरच मण्यांसारखे बसून राहायचे, आत शिरायचेच नाहीत. तिचे मालक रेल्वेत, रुळांच्या कामावर. त्यांनी लग्नाच्या वर्षी तिला रुंद दातांची लाकडी फणी करून दिली, कारण बाजारातल्या तीन फण्यांचे दात आठवडाभरात तिच्या केसांत राहिले होते. इथे आली तेव्हा नळावरच्या बायका तिच्या डोक्याला हात लावून बघायच्या. ती बघू द्यायची आणि मग म्हणायची, "आता तुझं दाखव." तिथून तिला ती सवय लागली असावी.

रेशनच्या रांगेत ती पुढच्या बाईचा अंबाडा सोडून कोंडा तपासायची. एका सरकारी कचेरीत दाखल्याला चार खेपा झाल्या, तेव्हा तिने साहेबांच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "साहेब, हा चुना भिंतीचा नाही, तुमचाच." साहेबांनी मान खाली घालून सही केली. त्या दिवशी दाखला मिळाला आणि साहेबांना तेलाची बाटली. मालक बिचारे उशीला प्लास्टिकची पिशवी घालून झोपत. त्यांना कुणी विचारलं तर म्हणत, रुळाला ग्रीस लागतं, घराला तेल, आपलं काम चालू आहे.

तेलावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. खोबरेल सगळेच वापरतात म्हणून ती त्याला पाणी घातलेलं दूध म्हणायची. तिचं तेल वेगळं. उधव्याच्या बाजारातून मोहाच्या बियांचं तेल आणायचं, झरीच्या एका म्हातारीकडून करंजाचं, त्यात एरंडेल आणि कडुनिंबाचा पाला घालून मंद आचेवर कढवायचं. कढवायच्या दिवशी आमच्या ओळीतल्या माश्यासुद्धा शेजारच्या ओळीत मुक्कामाला जायच्या. परतीच्या जीपमध्ये तिला न मागता खिडकीची जागा मिळायची. आपल्या वयाचा मान राखतात असं तिला वाटे.

या तेलामागे तिचं शास्त्र होतं. "तुमच्या डोक्यातलं तेल आपलं आपण केसावरून खाली उतरतं ने," ती मला समजवायची. "माझ्या केसाला वळणं फार. घाटातल्या गाडीसारखं अर्ध्या वाटेत दमून बसतं. मग केस कोरडे पडतात, तुटतात. म्हणून वरून घालावं लागतं." हे अगदी खरं होतं, पुढे डॉक्टरीणबाईंनीही ते खरंच म्हटलं. पण बेन तिथे थांबली नाही. केस कोरडे म्हणून कातडी कोरडी, कातडी कोरडी म्हणून कोंडा, आणि कोंड्यावर उपाय एकच, तेल जिरवायचं आणि धुवायचं नाही. तिच्या आईने सांगितलं होतं की आपल्या केसांना पाण्याचा मार सोसत नाही. ते बेनने आम्हा सगळ्यांच्या सरळ केसांनाही लागू केलं.

मला लहानपणापासून कोंडा. पदर डोक्यावरून खाली येऊ न देण्याचं खरं कारण तेच, लोकांना वाटायचं मी फार मर्यादशील आहे. मी कुणाकडे जात नसे, कुणी बोललं तर मला उत्तर सुचेपर्यंत ते माणूस निघून जाई. बेनने मात्र विचारलंच नाही. एका दुपारी आली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटांनी तेल जिरवत राहिली. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. मी डोळे मिटून रडले, तिला वाटलं कडुनिंब झोंबला. पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, गुण आला ने? खाज तशीच होती, थोडी वाढलीच होती. मी म्हटलं, आला.

असं म्हणणारी मी एकटी नव्हते. आमच्याकडे औषध देणाऱ्याच्या तोंडावर गुण नाही आला असं म्हणत नाहीत. म्हटलं की त्याच्या हाताचा गुण जातो असं मानतात. मसोलीतल्या बायका आला म्हणाल्या, झरीच्या म्हणाल्या, उधव्याच्याही म्हणाल्या. बाटलीचे चाळीस रुपये द्यायच्या आणि पुढच्या बाजाराला पुन्हा न्यायच्या. आणि बेन स्वतः? ती डोक्याला बांधायची त्या रुमालाखाली काय होतं ते मी एकदाच पाहिलं. त्या काळ्या केसांच्या मुळाशी राखेसारखा पांढरा थर होता. मी पाहिलं हे तिने पाहिलं. म्हणाली, "माझं जुनं आहे, वेळ लागेल. तुमचं गेलं ने, मग माझंही जाणार."

तिला एकच मुलगी. रंग बापाचा, केस आईचे. डहाणूला कॉलेजात जायला लागली आणि मुलांनी तिच्या केसांना नावं ठेवली. त्यात कोंडा, काळ्या ओढणीवर लपायचा नाही. मुलगी म्हणाली, पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेते, म्हणजे रोज धुता येतील. मी तेव्हा ओट्यावर तांदूळ निवडत होते. बेनचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. तिच्या माणसांची या गावात एकच खूण होती, आणि ती मुलीच्या डोक्यावर होती. मग ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत दे मला. कोंडा गेला तर केस ठेवायचे. नाही गेला तर तू म्हणशील तसं." मुलगी कबूल झाली. मग बेनने माझ्याकडे वळून विचारलं, "तुझं किती दिवसांत गेलं होतं?"

त्या वेळी मी खरं बोलायला हवं होतं. मुलगीसुद्धा माझ्याकडे बघत होती. मी तांदळाकडे बघत म्हटलं, महिनाभरात.

मग तिने मुलीच्या डोक्यात रोज तेल जिरवलं. सकाळी, रात्री. कोंडा वाढला तसं तेल वाढवलं, कारण आमचा सगळ्यांचा गेला होता, म्हणजे कमी पडत होतं ते तेलच. नवरात्रात मुलीच्या कानामागे आणि मानेवर जखमा झाल्या, उशीला पू लागायला लागला. तेव्हा बेन घाबरली. दवाखान्यात मी सोबत गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे तेल किती वेळ डोक्यात ठेवता? बेन अभिमानाने म्हणाली, "काढतच नाही."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या आईचं केसांबद्दल बरोबर होतं. अशा केसांना तेल हवं, रोज धुवायचे नाहीत. पण केस वेगळे आणि कातडी वेगळी. तेल खालच्या टोकांना थोडं लावा. कातडीवर साचलं की कोंडा त्याच्यावरच पोसतो. आठवड्यातून एकदा औषधाच्या शाम्पूने मुळं धुवा. बेनने एवढंच विचारलं, "सगळ्यांचंच असं? सरळ केसवाल्यांचंही?" बाई म्हणाल्या, सगळ्यांचंच. बेनने माझ्याकडे पाहिलं नाही.

जखमांना औषध लावायला केस बोटभर ठेवून बाकीचे कापावे लागले. ते कापलेले केस बेनने कागदात बांधून नेले, कुठे ठेवले कोण जाणे. दिवाळी आली तेव्हा मुलीचं डोकं स्वच्छ होतं, पण ती शर्तीचं बोलली नाही आणि बेननेही काढलं नाही. पुढे मुलगी वापीला नोकरीला लागली. केस वाढले तसे तिने ते सरळ करून घेतले. फोनवर तिचा चेहरा दिसला तेव्हा बेनने क्षणभर ओळखलं नाही. मग विचारलं, "डोकं खाजतं?" मुलगी म्हणाली, नाही. "बस," बेन म्हणाली. तिचं स्वतःचं तीस वर्षांचं दुखणं त्या शाम्पूने महिन्यात गेलं. हे सांगताना ती हसली, पण ते हसू मला बघवलं नाही.

मग तिने तेल विकलेल्या एकेकीला पैसे परत करायला सुरुवात केली. वही वगैरे नव्हती, पण तिच्या मांडीवर आलेलं एकही डोकं ती विसरलेली नव्हती. दोन भोवऱ्यांची झरीची, सहा बाटल्या. कपाळावर चट्टा असलेली उधव्याची, चार. चिकूच्या वाडीत मजुरीला जायची आणि सुट्टीला जीपने पैसे वाटत फिरायची. बायका घेत नसत, म्हणत, अगं आम्हाला गुण आला होता. बेन नोटा उंबऱ्यावर ठेवायची आणि वर दगड ठेवून निघायची. मालक म्हणाले, लोक तेल विकून घर बांधतात, आमचं बघा.

सगळ्यात जास्त बाटल्या माझ्या. म्हणून माझी पाळी शेवटी, आणि तीही हप्त्याने. दर पगाराला ती यायची, पैसे ठेवायची, चहा घ्यायची. माझ्या डोक्याला हात लावायची नाही. त्या घटकाभरासाठी मी महिनाभर थांबायचे. दुसऱ्या हप्त्याला मी धीर करून म्हटलं, बेन, मला कधीच गुण आला नव्हता. ती म्हणाली, "ठाऊक आहे. दवाखान्यातच कळलं." मी विचारलं, मग रागावली का नाहीस? तिने कपातला चहा बशीत ओतला. "तू एकटी खोटं बोलली असतीस तर रागावले असते. सगळ्याच बोलल्या. इतक्या बायांनी माझं मन राखलं, त्यात माझ्या पोरीचं डोकं गेलं. आता कुणावर रागावू?"

त्यानंतर मी घाई नाही, घाई नाही म्हणत राहिले. एकदा अर्धेच घेतले, एकदा घरी असून कडी लावून बसले. पण ती हिशोबाची पक्की. गेल्या रविवारी आली, चहा नको म्हणाली. उरलेल्या नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि मोजायला लावल्या. मी सावकाश मोजल्या, मग चुकले म्हणून पुन्हा मोजल्या. पैसे पुरे होते. तसं मी तिला सांगितलं.