विमानाची खांदशेकणी

विमानाला तूप लावू नये, असं विमानाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते लिहिण्याची गरज कुणाला वाटली नसावी. आमच्या शेडमध्ये मात्र तशी पाटी होती. ती मीच रंगवून टांगली होती, आणि नवा माणूस आला की ती वाचून हसायचा आणि कारण विचारायचा. इतक्यांदा सांगून झालं आहे की आता एकदाचं लिहूनच काढते.

सत्तरच्या दशकात मी पिकांवर विमानातून औषध फवारणाऱ्या एका लहानशा कंपनीत स्टोअरकीपर होते. लागले टायपिस्ट म्हणून. आधीचा स्टोअरकीपर सोडून गेला, नवा मिळेपर्यंत किल्ल्या माझ्याकडे आल्या आणि माझ्याकडेच राहिल्या. सोनेगावच्या धावपट्टीच्या पार टोकाला आमची पत्र्याची शेड होती. धंतोलीतल्या घरून सायकलवर निघायचं, वर्धा रोड धरायचा, डबा हँडलला. नात्यातल्या बायका विचारायच्या, "विमानतळावर नोकरी म्हणजे हवाई सुंदरी का?" मी म्हणायची, "नाही, नटबोल्ट मोजते." मग पुढे कुणी काही विचारत नसे.

आमच्या विमानात एकच माणूस बसू शकायचा. त्याच्या पुढ्यात औषधाची टाकी, पंखांखाली फवाऱ्याच्या नळ्या. कितीही धुतलं तरी त्याचा वास जायचा नाही, आणि आमचाही. वैमानिक पंजाबचा होता, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. इंजिनियर साहेब पुण्याचे, स्वतःच्या सहीला फार जपणारे. त्यांनी सही केल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. दोघे मेकॅनिक उमरेडकडचे, घरी वावर आणि बैल असलेले. विमानाशीही ते बैलाशी बोलावं तसंच बोलत.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे काटोलकडच्या एका गावचे सरपंच खेपा घालू लागले. उंच, हाडकुळे, पांढरी टोपी कायम डाव्या कानावर कललेली. पाठीवर पंप बांधून कपाशी फवारण्याऐवजी सगळ्या गावाची कपाशी एकदमच विमानानं फवारून घ्यायची, असं त्यांनी गावाला पटवलं होतं. चराईच्या जमिनीतले दगड वेचून, उंचवटे खणून गावकऱ्यांनी कच्ची धावपट्टीही केली होती. हे सगळं सरपंचांच्या शब्दावर. विरोधात एकटा त्यांचा साळा, तो त्याच गावात राहायचा. त्यानं पारावर सांगून ठेवलं होतं, "भाऊजीचं विमान येईन, पण अळीचं लगन लागून गेल्यावर येईन."

यातली अडचण खरी होती. अळी पानावर असते तोवर औषध तिला गाठतं. एकदा ती बोंडात शिरली की वरून कितीही शिंपडा, ती आत आरामात खात बसते. विमान वेळेत आलं नसतं तर सरपंचांचं पीक गेलं असतं आणि तोंड लपवायलाही जागा उरली नसती. हे ते स्वतःच मला प्रत्येक खेपेला सांगत. पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या गावाची पाळी ठरली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सरपंच दुपारीच शेडमध्ये हजर झाले. हातात झाकण लावलेला लोटा, खिशात हळदीची पुडी. साहेब सुट्टी घेऊन पुण्याला गेलेले. ड्यूटीमुळे घरी जाता आलं नाही म्हणून मेकॅनिक तोंड पाडून बसलेले. त्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. मान आणि अंग जिथं जुळतं, जिथं वर्षभर जू बसतं, तो खांदा हळद आणि कोमट तूप लावून चोळायचा आणि उद्याच्या जेवणाचं बैलाला आवतण द्यायचं. सरपंच घरचे बैल मुलावर सोपवून इकडे आले होते.

"माह्या वावरात यंदा हेच राबणार न, बाई? मंग याचाही खांदा शेकला पाहिजे."

"अजून एक दिवसही राबलेलं नाही ते," मी म्हटलं.

"मंग ॲडव्हान्स समजा."

मेकॅनिकांच्या चेहऱ्यांवर पहिल्यांदाच तरतरी आली. विमानाचा खांदा कोणता, यावर चांगली चर्चा झाली. एक म्हणाला पंख्यामागचा भाग. दुसरा म्हणाला, "ते तं नाक होय गा. खांदा म्हंजे जिथं वजन पडते तो." त्याचं पटलं. पंख जिथं अंगाला जोडलेला असतो तिथं एक जाड पोलादी कान असतो, त्याच्या भोकातून बोल्ट जातो, आणि हवेत सगळा भार त्यावर असतो. दोन्ही बाजूंची झाकणं उघडली गेली. चहाच्या स्टोव्हवर तूप कोमट झालं. त्यात मी भाग घेतला तो इतकाच, की स्टोव्ह विमानापासून लांब नेऊन ठेवायला लावला. सरपंचांनी पळसाच्या पानानं तूप लावलं, मग पान टाकून अंगठ्यानं चोळलं, आधी उजवा खांदा, मग डावा, आणि पंखाजवळ तोंड नेऊन हळूच आवतणही दिलं. कॅप्टन दारात उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, "इसको खाने में क्या मिलेगा?"

"पुरनपोळी," सरपंच म्हणाले.

"फिर मैं भी आऊँगा."

साहेब यायच्या आधी मेकॅनिकांनी वरचं तूप फडक्यानं स्वच्छ पुसून झाकणं बसवली. साहेबांचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीचा पोरांचा तान्हा पोळा झाला, साहेब परतले, आणि त्यांच्या पाठोपाठ दिल्लीहून विमान खात्याचा हुकूम आला. परदेशात कुठेतरी याच जातीच्या विमानाचा पंख उडता उडता निखळला होता. म्हणून या जातीच्या प्रत्येक विमानाचे पंखाचे कान तपासायचे, तोवर उड्डाण बंद. तडा आढळला तर कान बदलल्याशिवाय विमान हलवायचं नाही. सवलत नाही, मुदत नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी लागली, तेव्हा सरपंचही आलेले होते. फवारणीचा दिवस पक्का करायला आले होते, आणि हुकमाचं ऐकून औषधाच्या रिकाम्या ड्रमवर बसून राहिले. तपासणी तशी सोपी असते. भाग पुसून त्यावर पातळ लाल रंग लावतात. डोळ्याला न दिसणारा तडा असला तर रंग त्यात शिरतो. थोडा वेळ थांबून वरचा रंग पुसून टाकायचा आणि पांढरी पूड फवारायची. तड्यातला रंग पुडीत उमटतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ दिसते. रेघ नसली तर तडा नाही.

बोल्ट काढले, रंग लावला, पुसला, पूड मारली. सगळे वाकून बघत राहिलो. डावा कान पांढराशुभ्र. उजवाही पांढराशुभ्र.

"चलो, कल निकलते हैं," कॅप्टन म्हणाला. मेकॅनिक हसायला लागले. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

सरपंचांना राहवलं नाही. ते ड्रमवरून उठले आणि साहेबांना म्हणाले, "तडा कसा राहीन, साहेब? शुद्ध गावरान तूप जिरवलं हाय मी त्यात. कोमट करून, आंगठ्यानं चोळून. उजव्या खांद्यानं तं सारंच पिऊन घेतलं, थेंब नाही सांडला."

एक मेकॅनिक विमानाच्या टायरमधली हवा तपासायला गेला. दुसऱ्याला तसं काही सुचलं नाही, तो तिथंच उभा राहिला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे वळले. "तूप?"

"हो," मी म्हटलं. "पोळ्याच्या आदल्या दिवशी. हळद घालून, दोन्ही बाजूंना."

"आणि हे मला आत्ता कळतंय."

"साहेब, तुम्ही पुण्याला होतात. आणि तेव्हा हुकूम नव्हता."

ते चिडले नाहीत, त्यापेक्षा वाईट म्हणजे समजावून सांगू लागले. तडा असेल आणि तो आधीच तुपानं भरलेला असेल, तर लाल रंग शिरणार कुठे? मग पूड पांढरीच राहणार. म्हणजे आपण आत्ता जे बघितलं त्याला काही अर्थ नाही. नुसत्या फडक्यानं पुसून तूप निघत नाही, सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून.

सरपंच परत ड्रमवर बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "बाई," ते मला हळूच म्हणाले, "मी कायले बोललो?"

"बोललात ते बरं झालं," मी म्हटलं, आणि स्टोअरमधून सफाईच्या द्रावणाचा अख्खा डबा आणून दिला. एरवी मी वाटीवाटीनं देत असे.

कान ब्रशनं घासले, द्रावणात भिजवले, हवेच्या नळीनं फुंकले, पुन्हा भिजवले. उजव्या बाजूच्या फडक्यावर पिवळट डाग येत राहिले. फडकं कोरं निघायला लागल्यावर पुन्हा लाल रंग, पुन्हा वाट बघणं, पुन्हा पूड. डावा कान पांढरा राहिला. उजव्यावर आधी काहीच नव्हतं. मग भोकाच्या कडेला एक ठिपका आला, त्याच्या बाजूला दुसरा, आणि ते जुळून एक वाकडी लाल रेघ झाली, सुईच्या टोकानं ओढल्यासारखी.

कॅप्टननं वाकून ती बघितली. मग त्यानं चहा मागितला आणि दोन चमचे साखर घालायला सांगितली. इतर वेळी तो बिनसाखरेचा प्यायचा.

सरपंचांनी चष्मा लावला आणि जवळ आले. "हे उजवा खांदा होय न?"

"हो."

"मंग खांदा आला म्हणा की याचा." जू घासून बैलाचा खांदा सुजतो, तेव्हा शेतकरी असंच म्हणतात. सरपंचांनी ती रेघ पुन्हा एकदा नीट बघितली. "खांदा आलेला बैल कोनी जुपते का, साहेब? बांधून ठेवा त्याले. गावात मी सांगतो काय सांगायचं ते."

हे म्हणायला त्यांना सोपं गेलं नसणार. साहेब नेहमी त्यांना नुसतं 'या' म्हणत, त्या दिवशी दारापर्यंत पोचवायला गेले.

मग माझं काम सुरू झालं. विमानाचे सुटे भाग विकणाऱ्या मुंबईच्या एजंटाला ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला, माल आहे, पार्सलनं पाठवतो. त्यानं पार्सलनं पाठवलेली एक गॅस्केट मी त्याआधी दिवाळीपासून होळीपर्यंत शोधत होते. मी म्हटलं, बांधून ठेवा, माणूस येतो. टायरची हवा बघणाऱ्या मेकॅनिकला त्याच दिवशी गाडीत बसवलं आणि बजावलं, "माल डोक्याखाली घेऊन झोपायचं. रिकाम्या हातानं आलास तर शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही."

"आन् मुंबई पाहू नको का, बाई?"

"स्टेशनपासून एजंटाच्या दुकानापर्यंत जेवढी दिसेल तेवढी बघ."

तो येईपर्यंत सरपंच एक दिवसाआड यायचे आणि टोपीतून कपाशीची कोवळी बोंडं काढून माझ्या टेबलावर ओतायचे. मी ब्लेडनं ती चिरायची, आणि सगळे खुर्च्या सोडून भोवती जमायचे. शेतीतलं मला काही कळत नव्हतं, पण अळी आहे की नाही एवढं कुणालाही कळतं. बोंडं आतून कोरी निघायची. एकदा एकाच्या सालीवर टोचल्यासारखं भोक दिसलं. सरपंचांनी दुसरीकडे तोंड केलं. मी चिरलं, तर भोक सालीतच संपलेलं, आत काही नाही.

"गावात काय म्हणतात?" मी विचारलं.

"काहीच नाही म्हणत. मी सांगतलं, विमानाचा खांदा आला. आता यावर कोन काय बोलन?" टोपी झटकून त्यांनी डोक्यावर ठेवली. "साळ्यानं मात्र ईचारलं, शेकून राहिले का म्हणून."

मेकॅनिक आला तो कान आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळून, आणि स्वेटर छातीशी धरून. तडा फक्त उजव्याला होता, पण साहेबांनी दोन्ही बाजूंचे बदलले. नव्या कानांचीही लाल रंगानं तपासणी केली. त्याआधी शेडमधल्या प्रत्येकाला, मलाही, एकेक करून विचारलं, की याला कुणी काही लावलेलं नाही ना. मग विमान आकाशात एक फेरी मारून आलं, साहेबांनी झाकणं उघडून पुन्हा बघितलं, आणि सही केली. मी पाटी रंगवली ती त्याच दुपारी.

फवारणीच्या दिवशी औषधाच्या ड्रमांबरोबर जीपमधून मी गेले. माल माझ्या ताब्यातला होता, आणि ते गाव बघायचंही होतं. धावपट्टीच्या कडेला सगळं गाव जमलेलं. विमान आलं, कपाशीवरून खाली खाली जात फवारू लागलं, आणि टाकी रिकामी झाली की भरायला उतरू लागलं. शेवटची फेरी झाली तेव्हा सरपंचीणबाई ताट घेऊन आल्या. पोळा होऊन गेला होता तरी त्यांनी पुरण घातलं होतं. आवतण दिलं होतं ते दिलं होतं. ताट आधी विमानाच्या नाकासमोर ठेवलं गेलं आणि मग कॅप्टननं तिथंच चाकाला टेकून बसून ते संपवलं. वर तूपही मागून घेतलं.

सरपंचांचा साळा गर्दीतून पुढे आला. विमान त्यानं सगळ्या बाजूंनी बघितलं. मग उजव्या पंखाशी गेला आणि बैलाला थोपटावं तसा हात उचलला.

"हात नको लावू गा," सरपंच म्हणाले. "खांदा नवा हाय त्याचा."

त्यानं हात खाली घेतला, धोतराला पुसला, आणि मग विचारलं, "भाऊजी, पुढच्या साली माह्या वरच्या वावरातही येईन का हे?"