वेटिंग रूममधला जाडा मासा

काही घरांत दह्याच्या रिकाम्या डब्या साठतात, तसे माझ्या क्लिनिकमध्ये किस्से साठतात. मी आहारतज्ज्ञ आहे. पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझ्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत लोक मला आपण काय खातो ते खोटं सांगतात आणि बाहेर वेटिंग रूममध्ये बसून खरं वागतात. त्यामुळे चांगले किस्से सगळे बाहेरचे, आणि त्यातले निम्मे सोन्याचे.

सोन्या म्हणजे बाहेरच्या टाकीतला एकुलता एक गोल्डफिश. उद्घाटनाला मावशीने दिला तेव्हा माझ्या करंगळीएवढा होता. मी दिवसातून दोनदा चिमूटभर दाणे घालायची. तरी सहा महिन्यांत पठ्ठ्या लिंबासारखा गोल झाला! डाएटिशियनच्या दारात हा असला मासा म्हणजे जाहिरातच की.

* * *

पहिला सुगावा लागला बापट सरांमुळे. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. काय खाल्लं त्याची वही इतकी सुबक की फ्रेम करावी. दोन वेळा एकेक भाकरी, बाकी काही नाही. वजन मात्र ढिम्म.

एकदा टाकी साफ करताना तळाच्या खड्यांत चकलीचा तुकडा सापडला. मी तो चिमट्यात धरून सरांसमोर नेला.

सरांनी चष्मा वर करून नीट पाहिला. "आमची नाही ही. आमच्या घरी भाजणीची असते. ही मैद्याची आहे."

"मग कुठली?"

"स्टँडसमोरच्या दुकानातली," सर बोलून गेले, आणि घाईघाईने खिसा झाकला.

वजनकाट्यावर चढायच्या आधी खिशातलं उरलेलं सोन्याला घालायचं, ही सरांची पद्धत. वजन कमी भरावं म्हणून!

* * *

शिर्के काकू विचुंब्याहून येतात. त्या लपवाछपवी करत नाहीत. सरळ पर्समधून तूप लावलेली पोळी काढतात आणि तुकडे टाकतात.

"काकू, प्लीज! पाण्यावर तवंग येतोय."

"अगं, त्याच्या तोंडाकडे बघ की जरा. सारखं उघडतंय बिचाऱ्याचं. भूक लागल्याशिवाय का?"

"काकू, तो श्वास घेतोय!"

"श्वास आम्हीही घेतो," काकू म्हणाल्या. "तोंड मिटून."

* * *

मग एका सोमवारी सोन्या आडवा झाला. पोट टम्म, एका कुशीवर, बुचासारखा पाण्यावर तरंगत. कल्ले हलत होते एवढंच.

आणि नेमक्या त्याच दिवशी गव्हाणच्या हिराआजी पहिल्यांदा आल्या. साखर वाढलेली, पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर उतरली नाही तर अंगठा जाईल. आजी तीन वेळा भात खात होत्या. सोबत त्यांचा मुलगा, सुरेशशेठ. मोठा बिल्डर, साइटवर सगळे त्याला टरकतात. इथे तो आईच्या चपला हातात धरून उभा होता.

मी चार्ट समजावायला लागले. आजींचं लक्ष टाकीकडे.

"ए पोरी, तुज्या घरचा मासा आडवा हाय, नि तू आमाला उभं करनार?"

"आजी, अंगठा जाईल तुमचा! कळतंय का?"

"कलतंय. आदी त्याला उभा कर. मंग मी भात सोडीन. नाय तर नाय."

सुरेशशेठने मला कोपऱ्यात घेतलं. "मॅडम, तुम्ही फक्त बोला. ऑक्सिजनचा सिलिंडर मागवू?"

* * *

ज्याच्याकडून टाकी घेतली त्याला फोन केला. तो म्हणाला, "बद्धकोष्ठ झालंय. तीन दिवस काही घालू नका. मग मटाराचा दाणा उकडून, साल काढून, बारीक करून द्या. पुढे रोज थोडंच, दोन मिनिटांत संपेल इतकं. आणि आठवड्यातून एक दिवस उपास."

मी सोन्याचा रीतसर चार्ट बनवला आणि काचेवर चिकटवला. उपासाचा वार तेवढा कोरा होता. तीच चूक झाली.

"गुरुवार ठेव," काकू म्हणाल्या. "आणि उपासाला काय द्यायचं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? साबुदाणा तरी!"

"शनिवार बरा," बापट सर म्हणाले. "मारुतीचा."

तेव्हा पेणकर अंकल पेपरातून वर आले. पनवेलमध्ये उरलेल्या मोजक्या बेने इस्रायली घरांपैकी एक त्यांचं. माझा चार्ट खरोखर पाळणारा हा एकमेव माणूस. "शनिवार नको हं. तो आमचा शब्बाथ. त्या दिवशी उपास करत नाहीत, चांगलंचुंगलं खायचं असतं."

"अंकल," मी ओरडले, "मासा ज्यू नाहीये!"

"मग हिंदू आहे का?"

शेवटी रविवार ठरला. रविवारी क्लिनिक बंद असतं.

* * *

ते तीन दिवस मी पेशंट कमी तपासले आणि खिसे जास्त. सरांकडे शेव निघाली, काकूंकडे पोळी. अंकलना टाकीपाशी पहाऱ्याला बसवलं, तर तेच काचेला नाक लावून, उपाशी ठेवल्याबद्दल सोन्याची माफी मागताना सापडले.

हिराआजी रोज यायच्या. मला भेटायला नाही, पैज बघायला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदराची गाठ सोडली. आत सुका जवळा.

"माशानं मासा खाल्ला तं काय बिगडतंय?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हा मोठ्या लोकांना एकदा सांगून कळत का नाही? प्रेम म्हणजे काय फक्त कोंबणं आहे का?"

"हलू बोल," आजी म्हणाल्या. "मासा घाबरंल."

* * *

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मटाराचा चुरा घातला. सोन्याने अर्धा खाल्ला आणि पुन्हा आडवा झाला.

"उद्या येईन," आजी म्हणाल्या. "आडवाच असला तं माजा भात चालू." आणि लंगडत गेल्या. अंगठ्याची पट्टी कालच्यापेक्षा जास्त ओली होती. मला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी दहाला पोचले तर शटर उघडं. चावी शेजारच्या मेडिकलमध्ये असते, हे सगळ्यांनाच माहीत. वेटिंग रूममध्ये चौघं ओळीने बसलेले, एकाचीही अपॉइंटमेंट नसताना. बापट सरांची बाही कोपरापर्यंत ओली. काकूंची पर्स ठिबकत होती. पेणकर अंकल चष्मा पुसत होते, पुसतच होते. सुरेशशेठच्या कडक इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची ओली पिशवी डोकावत होती.

मी टाकीकडे पाहिलं.

पाच गोल्डफिश! पाचही लिंबाएवढे, पाचही सोनेरी, आणि पाचही सरळ उभे पोहत होते!

"यातला सोन्या कुठला?" मी विचारलं.

"मी आत्ताच आलो," चौघं एकदम म्हणाले.

तेवढ्यात दारात गाडीतून आजी उतरल्या. लंगडत टाकीपाशी आल्या. काचेला नाक लावलं. बोटावर मोजलं. पुन्हा मोजलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने बघितलं.

"तीन दिस उपाशी ठेवलास," आजी म्हणाल्या, "नि एकाचे पाच झाले?"

कोणी श्वास घेईना. काकूसुद्धा.

आजींनी खुर्ची ओढली, बसल्या आणि पाय स्टुलावर ठेवला.

"लिही माजा कागद. सोडला भात. पन पोरी, मला या वयात आता आनकी पोरं नकोत हां!"