शांतवनमामांचं चुकलेलं उत्तर

फोन आला तेव्हा मी शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. "मामा गेले गं," एवढंच मामी म्हणाली. तीन वर्षांच्या डायलिसिसनंतर या बातमीत धक्का असा उरलाच नव्हता. राहिलेल्या चार वह्या मी तपासून टाकल्या आणि मगच उठले. त्याची लाज आज पाच आठवड्यांनीही वाटते... पण आम्ही सगळेच फार दमलो होतो.

शांतवनमामा कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. ते चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू नव्हते, तरी रविवारची उपासना संपली की लोक शंका घेऊन त्यांच्याच घरी यायचे. शेजारणीनं दिलेला गणपतीचा प्रसाद खाल्ला तर पाप लागतं का, असं एकीनं विचारलं, तर म्हणाले, "तिनं मायेनं दिलाय न्हवं? मग खा की! देव मोदकाला भितोय व्हय?" पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव तीन कसा, यावर मात्र ते हात जोडायचे. "जन्मभर गणित शिकवलं, हे एवढं एक सुटलं नाही बघा." असे मामा सगळ्यांना आवडायचे. पण ते पहिल्यापासून असे नव्हते.

तिशीत असताना त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला अध्याय आणि वचन तयार असायचं. त्या काळात हातकणंगल्याहून सगुणाबाई आली होती. तिचं अकरा दिवसांचं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं होतं. "माझं लेकरू देवाकडं हाय न्हवं, मास्तर?" मामांनी तिला बसवून घेतलं, बाप्तिस्मा न झालेल्यांना स्वर्ग मिळतो का, याबद्दल शास्त्रात काय लिहिलंय, काय नाही, ते नीट समजावलं आणि शेवटी म्हणाले, "खात्रीनं काही सांगता येत नाही." ती उठली. चहा तसाच राहिला. त्यानंतर ती चर्चला कधी आली नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी मामांची स्वतःची नात जन्मतःच गेली. तिला मातीआड करून आल्यावर आठव्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि हातकणंगल्याची एसटी धरली. सगुणाबाई दारात शेंगा फोडत होती. मामा तिच्यासमोर भुईवरच बसले. "बाई, मी चुकलो. तुम्ही शास्त्र विचारायला आलाच नव्हता."

तिचे हात थांबले नाहीत. "लई उशीर केलासा, मास्तर. तवापास्नं मी रोज देवालाच इचारतो." मग मूठभर शेंगदाणे तिनं त्यांच्यापुढं सरकवले. परतताना मामांनी मला विचारलं, "तिनं माफ केलं असंल का गं?"

तेव्हापासून कुणीही शंका विचारली की मामा आधी म्हणायचे, "घरात काय झालंय, ते सांगा."

दफनानंतर तिसऱ्या दिवशी सगुणाबाई नातवाचा हात धरून दारात उभी राहिली. चर्चची जाणती माणसं बसलेली होती. मामीनं त्यांना सोडून तिलाच विचारलं, "पोचले असतील का हो हे?"

"पोचलं की! माझं पोरगं हाय तिथं. त्यानंच हाताला धरून आत न्हेलं असंल."

मामी तेव्हा पहिल्यांदा रडली. आणि मी आतल्या खोलीत जाऊन भरदुपारी मामांच्या पलंगावर आडवी झाले, आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.