बेंबीचा रुपया

पेणच्या रामवाडीतल्या सुजयला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पण राणीचा कान राहत असे. राणी म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयावरची. कानावरच्या केसांची बट न् बट सुटी दिसली तर रुपया पहिल्या प्रतीचा, बटा एकमेकींत मिसळल्या तर दुसऱ्या, आणि कानच गुळगुळीत झाला तर तो नुसता वजनावर जायचा माल. डोलवीच्या कंपनीत सुजय क्रेन चालवायचा आणि शिफ्ट सुटली की उरलेला जन्म भिंगाखाली घालायचा. मोडीत आलेला जुना रुपया आटवण्याआधी गावातले सोनार त्याला फोन करत. फुकटचा पारखी कोणाला नको असतो?

असल्या माणसाचं लग्न जमणं अवघडच. मागच्या स्थळी मुलीच्या आईच्या गळ्यातली रुपयांची माळ पाहून तो म्हणाला होता, "ह्यांना डाग देऊन कड्या लावल्यात, पार मातेरं केलंत." चहा निवायच्या आत सुजय आणि त्याची आई रस्त्यावर आले. पण या खेपेला गोष्ट निराळी होती. या खेपेला लग्न त्याला स्वतःलाच हवं होतं, आणि तेही ह्याच मुलीशी. रोह्याला औषधाच्या दुकानात काम करणारी निशिगंधा त्याच्या मनात भरली होती. तिला पाहायला जाऊन जाऊन त्याने इतका बाम विकत घेतला की घरातलं कपाट उघडलं की डोळ्यांतून पाणी यायचं. तिलाही ते कळत होतं. डोकं दुखत नसताना बाम नेणारं गिऱ्हाईक ओळखू येतंच.

रोह्याजवळ वरशाला, निशिगंधेच्या घरी, मुलगी बघायला निघताना आईने, कृष्णाबाईने, त्याचे सगळे खिसे चाचपले. भिंग सापडलं ते तिने देव्हाऱ्यात ठेवून दिलं.

"मुलगी बघ. नाणं नको बघू," ती म्हणाली.

"नाय बघत."

दुसरं भिंग मोज्यात होतं.

वरशाच्या त्या घरात शब्द चालायचा तो गोदूबाईचा, म्हणजे निशिगंधेच्या आत्याचा. वडील गुणाजी मान डोलवण्यापुरते. गोदूबाई सुइणीची लेक. आईकडून तिला एक चांदीचा रुपया मिळाला होता. वाडीत पोर जन्मलं, नाळ गळून पडली, की बेंबी फुगू नये म्हणून तो रुपया मऊ फडक्यात गुंडाळून पोराच्या पोटावर बांधायचा. बेंबी बसली की रुपया आत्याकडे परत. निम्म्या वाडीच्या पोटावर तो नांदून आला होता. एरवी तो शुभकार्याच्या ताटात नारळाशेजारी बसे. आजही बसला होता.

निशिगंधा पोह्यांच्या बशा घेऊन आली. हिरवी साडी, गालांवर दाबून धरलेलं हसू. सुजयने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं काळीज असं उडालं की नजरेला काहीतरी आधार हवा होता, म्हणून त्याने ती ताटावर टेकवली. ताटात रुपया पालथा पडला होता, सालाची बाजू वर. त्यावर १९११ असं साल होतं.

संपलं. मुलगी, आई, पोहे, सगळं धुक्यात गेलं. तो उठला आणि गोदूबाईच्या पुढ्यात वाकला. पोरगा पाया पडतोय म्हणून ती हात वर करून "औक्षवंत हो" म्हणू लागली, तोवर ह्याने मोज्यातून भिंग काढलं आणि रुपया कडांनी उचलून डोळ्याला लावला.

कृष्णाबाईने डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच गुणाजींची मान डोलायची थांबली.

"काय हो पावणं," गोदूबाई म्हणाली, "चांदी खोटी वाटते?"

ह्या रुपयावर राणी नव्हती, राजा होता, आणि सुजय त्याच्या झग्यावरची घडी बघत होता. त्याला ऐकूच आलं नाही. गोदूबाईचं डोकं भडकलं. तिने रुपया त्याच्या हातातून काढून घेतला, स्वयंपाकघरातून आमसुलाचं पाणी आणि चुलीतली राख आणली आणि सगळ्यांसमोर बसकण मारली. "आमचं नाणं खोटं नाय. बघा कसा चकाकतो ते."

असा रुपया घासणं म्हणजे त्याची कातडी सोलणं. वर्षानुवर्षांचा जो काळसर रंग त्याच्यावर चढतो, तीच त्याची अब्रू आणि तीच त्याची किंमत. पण आपल्याकडे पाहुण्यापुढे काळं ठेवायची पद्धत नाही. समई, तांब्या, राजा, सगळ्यांना एकच राख. आत्याचा अंगठा एकदा फिरला आणि राजाचा एक गाल पांढराफेक झाला. दुसऱ्यांदा फिरायच्या आत सुजयने झेप घेऊन तिचा हात धरला.

मुलगी बघायला आलेल्याने मुलीच्या आत्याचा हात धरावा, असं वरशात याआधी घडलं नव्हतं.

"आत्याबाई, नका हो," तो काकुळतीने म्हणाला. "त्याच्यावर डुक्कर हाय."

"काय हाय?"

आता त्याला थांबता येईना. राजाच्या झग्यावर हत्ती काढलाय, पण सोंड इतकी आखूड पडली की लोकांना ते डुक्करच वाटलं. मग बोंबाबोंब झाली, सरकारने रुपये मागे घेतले, बहुतेक आटवून टाकले. झगा सगळ्यात आधी झिजतो, म्हणून हत्ती दिसणारा रुपया विरळा. आणि हा तर मऊ फडक्यातच राहिलेला, त्यामुळे ह्याच्या हत्तीची शेपटीसुद्धा शाबूत. तो एका दमात बोलला आणि मग त्याला भान आलं की आपण या घराला काय सांगून बसलोय. पिढ्यान् पिढ्या लेकरांच्या बेंबीवर यांनी डुक्कर बांधलं. गेली निशिगंधा, गेलाच बाम.

"दाखवा इकडं," निशिगंधा म्हणाली.

तिने भिंग घेतलं, रुपया त्याने धरला होता तसाच कडांनी धरला आणि उजेडाकडे वळली. बराच वेळ पाहिलं. "हत्तीच हाय गो आत्या. सोंड कमी पडलीय इतकंच." मग ते दाबलेलं हसू सुटलं ते आवरेना. गुणाजी हसले, कृष्णाबाईने एक डोळा उघडला.

गोदूबाई मात्र हसली नाही. "किंमत काय याची?"

सुजयला हा रुपया किती वर्षं हवा होता ते सांगायला नको. चांदीच्या वजनाचा भाव सांगितला असता तर तो आत्ता त्याच्या खिशात असता. "राखेआधी पंधरा-वीस हजार कोणीही देईल," तो म्हणाला. "आता गाल गेला, तरी सात-आठ हजारांना मरण नाय. पण कोणाला देऊ नका. मी मागितला तरी नको."

गोदूबाईने रुपया पदराला पुसला. सुजयचा हात पुन्हा पुढे आला, तो त्याने स्वतःच मागे घेतला.

"हा विकत मिळत नाय," ती म्हणाली. "घरात पोर झालं की मिळतो. बेंबी बसंपर्यंत. कळलं का जावईबापू?"

निशिगंधा आत पळाली. सुजय तिथेच उभा, एका पायात मोजा उलटा, आणि पारख्याच्या तोंडून पहिला प्रश्न आला, "बेंबी बसायला किती दिवस लागतात?" कृष्णाबाईने सर्वांदेखत त्याला चिमटा काढला.

लग्नाला पुढच्या वर्षी फळ आलं आणि रुपया रामवाडीला आला. पोरीची बेंबी मुळात फुगलेली नव्हतीच, तरी सुजयने हट्टाने बांधायला लावला. परत न्यायला गोदूबाई आली तेव्हा तो पाळण्यावर वाकलेला, डोळ्याला भिंग.

"नाणं बघतोस व्हय रे अजून?" कृष्णाबाई करवादली.

रुपया मघाशीच सोडून उशाशी ठेवला होता, तो त्याने न बघताच आत्याच्या हातात दिला.

"थांब गो आई," तो म्हणाला. "कान बघतोय."