कानाच्या सेटमागोमाग

आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, तपासून, निर्जंतुक करून परत वर पाठवणारा विभाग तळमजल्यावर आहे. सगळे त्याला सीएसएसडी म्हणतात. मी तिथं बरीच वर्षं टेक्निशियन आहे. माहेर पाचोडजवळच्या खेड्यातलं, शेतीवाडीचं. नवरा वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमला, म्हणून घर बजाजनगरला.

आमच्या कामाची गंमत अशी, की हत्यारं लिफ्टनं खाली येतात आणि लिफ्टनंच वर जातात, पण आम्ही वर जात नाही. मळका ट्रे आला की घ्यायचा, औषधाच्या पाण्यात भिजवायचा, मऊ ब्रशनं एकेक सांधा घासायचा, वाळवायचं, दिव्याच्या भिंगाखाली धरून बघायचं, निळ्या कापडात बांधायचं आणि ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्राला, लावायचं. बांधलेल्या गठ्ठ्यावरच्या पट्टीच्या रेघा काळ्या झाल्या, की माल वर. वर कुणाचं काय झालं, माणूस वाचला का, हे आम्हाला कधीच कळत नसे. आम्ही विचारतही नसू.

माझ्या आधीपासून तिथं एकजण आहेत. शहागंजकडचे, वयानं मोठे. सगळे त्यांना भाई म्हणतात. कुणी कामाबद्दल विचारलं, की हसत म्हणायचे, "अपन क्या, भांडे घासनेवाले."

गेल्या वर्षी ओटीच्या इन्चार्ज सिस्टरांनी शनिवार दुपारचा अभ्यासवर्ग काढला. ऑपरेशन थिएटरची आणि सीएसएसडीची माणसं एकत्र, आणि हजेरी सक्तीची. आम्ही कुरकुरलो. पोरं कॉलेजात जायला लागली आणि आता आपण बाकावर बसायचं, असं झालं. सिस्टर शहरातल्या, शुद्ध बोलणाऱ्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. पण त्यांनी नुसतं बघितलं, तरी माणूस सरळ बसायचा.

पहिल्याच वर्गात त्यांनी बोटाच्या पेराएवढ्या दोन कुप्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींत जांभळं पाणी होतं. अशा कुप्या आम्ही रोज वापरतो. ऑटोक्लेव्हनं काम नीट केलं का, हे बघायला एक कुपी आत ठेवायची असते. त्यातली एक यंत्रातून काढलेली होती, एक तशीच.

"ह्यात जंतूंची बीजं आहेत," सिस्टर म्हणाल्या. "झोपलेली. उकळत्या पाण्यात टाकली तरी मरत नाहीत. पाणी नाही, अन्न नाही, तरी वर्षानुवर्षं तशीच राहतात. ऊब मिळाली, खायला मिळालं, की उठतात."

दोन्ही कुप्या उबेच्या पेटीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी रविवार, पण माझी ड्युटी होती. गेल्या गेल्या आधी पेटी उघडली. यंत्रातून गेलेली कुपी जांभळीच होती. दुसरी हळदीसारखी पिवळी झाली होती. ते पिवळं होणं मी आधीही पाहिलं होतं, पण तो माझ्यासाठी नुसता रंग होता. त्या दिवशी मी कुपी उजेडाकडं धरून उभी राहिले. आमच्याकडं बाजरीचं बी पाऊस येईस्तोवर कणगीत गप पडून राहतं, तसं हे. आणि ह्याला मारायला आपण ते एवढं मोठं यंत्र चालवतो. जीव म्हणजे काय चिवट चीज आहे, असं वाटून अंगावर काटा आला.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी भाईंनी हात वर केला.

"मॅडम, आप बोले टोक देखो, धार देखो, सांधा देखो. सब देखते. पन ये जाके करता क्या है, वो तो हमने कभी देखाच नै."

वर्गात हशा झाला. सिस्टर हसल्या नाहीत.  त्या म्हणाल्या, "खरं आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी वरून परवानगी आणली. आमच्यातला एकेकजण एक दिवस ओटीत उभा राहणार आणि ओटीतली एकेक सिस्टर एक दिवस आमच्याकडं धुवायला बसणार. माझ्या वाट्याला कानाचं ऑपरेशन आलं. खरं सांगायचं तर मी हिरमुसले. मला हृदयाचं बघायचं होतं. कानाचा सेट म्हणजे आमच्याकडची कटकट. सुईसारखी बारीक हत्यारं, टोकं तर डोळ्यांना दिसतही नाहीत. जरा धक्का लागला की वाकतात. प्रत्येक टोकाला टोपी घालायची, एकाला दुसऱ्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. एवढ्याशा कानात ह्या सगळ्याचं काम काय, असं मला कायम वाटायचं.

पेशंट वैजापूरकडची बाई होती, तिशीतली. बाळंतपणानंतर ऐकू येणं कमी कमी होत गेलेलं. सिस्टरांनी तिला कागदावर लिहून विचारलं, की आमच्या एक ताई उभ्या राहिल्या तर चालेल का. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. बाईमाणूस असलं तर बरंच." ऐकू न येणारी माणसं बोलतात, तशी ती मोठ्यानं बोलली.

ऑपरेशन पूर्ण भूल न देता, कानापुरतं बधिर करून करायचं होतं. ती टेबलावर जागीच होती, तोंड एका बाजूला वळवलेलं, अंगावर हिरवी कापडं. एका सिस्टरनं तिचा हात धरला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "दुखलं तर हात दाबा, मान हलवू नका!"

डॉक्टर मायक्रोस्कोपाला डोळे लावून बसले. मला म्हणाले, "कानाचा सेट तुम्हीच बघता ना? मग तिथं भिंतीशी नको, इकडं या. स्क्रीन नीट दिसेल."

मी स्क्रीनकडं पाहिलं आणि आधी काही कळलंच नाही. एक गुलाबी, ओली गुहा होती, भिंती चमकत होत्या. डॉक्टरांनी कानाचा पडदा पापुद्र्यासारखा उचलून बाजूला घेतला. आत हाडं होती. तोपर्यंत माझ्या मनात कान म्हणजे बाहेरची पाळी आणि एक भोक. इथं तर घरासारखं घर होतं, तुळया, कोनाडे असलेलं. आणि एका कोपऱ्यात घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं एक हाड, हुबेहूब.

"शरीरातलं सगळ्यात लहान हाड," डॉक्टर म्हणाले. "हे हलतं म्हणून आपण ऐकतो. ह्यांचं जाम झालंय."

मग स्क्रीनवर माझं हत्यार आलं. मी ते दांड्यावरून लगेच ओळखलं होतं, सिस्टरनं डॉक्टरांच्या हातात देतानाच. पण टोक मी कधी असं पाहिलं नव्हतं. भिंगाखाली जे केसाएवढं दिसायचं, ते तिथं कुदळीएवढं दिसत होतं. टोकाचा आकडा पुढं झाला, हाडाला अलगद टेकला. ते जाम झालेलं हाड हललं नाही. डॉक्टरांनी रिकिबीची कमान मोडून काढली. खाली राहिलेल्या पत्र्यासारख्या पातळ हाडाला दुसऱ्या हत्यारानं, दोन बोटांत फिरवून फिरवून, भोक पाडायला घेतलं.

  त्या पत्र्यापलीकडं पाणी आहे आणि त्या पाण्यात माणसाचं सगळं ऐकणं आहे, असं सिस्टरांनी मला हळूच सांगितलं.  एखादं टोक वाकडं असतं, एखाद्यावर कण राहिला असता, तर तो इथं आला असता, हे मला वर्गात शंभरदा सांगितलेलं होतं. इथं ते सांगायला कुणी लागत नव्हतं.

भोकात, काढलेल्या हाडाच्या जागी, एक पांढरा पिस्टन बसवायचा होता. तांदळाच्या कणीहून बारीक. तो चिमट्याच्या टोकात आला, एकदा निसटला, परत धरला आणि जागेवर गेला. त्याची कडी वरच्या हाडाला अडकवली. पडदा परत अंथरला.

डॉक्टर बाईच्या कानाशी वाकले आणि अगदी कुजबुजत म्हणाले, "ताई, गाव कोणतं तुमचं?"

 कापडाखालून ती म्हणाली, "हळू बोला की. वरडता कशाला?"

डॉक्टर मास्कमागं हसले. सिस्टरनं तिचा हात आणखी घट्ट धरला. "काय ऐकू येतंय?" डॉक्टरांनी तसंच कुजबुजत विचारलं.

"समदं. भांडी वाजायलीत कुठं तरी." मग कितीतरी हळू आवाजात, "आन् माझंच बोलणं लई मोठं ऐकू यायलंय."

भांडी वाजत होती ती म्हणजे दुसऱ्या सिस्टर हत्यारं ट्रेत परत ठेवत होत्या. मी खाली बघत राहिले. रडू आलं असं नाही. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर माणूस जसा नकळत दोन पावलं मागं सरतो, तसं काही तरी झालं.

संध्याकाळी ड्युटी संपल्यावर मी वॉर्डात गेले. कानात औषधाची वात भरून पट्टी बांधलेली, त्यामुळं ऐकू येणं पुन्हा दबलं होतं. काही आठवडे असंच राहणार, मग मोकळं होणार, हे तिला समजावलेलं होतं. गरगरतंय म्हणून ती डोळे मिटून पडली होती. डोळे उघडून तिनं मला ओळखलं आणि म्हणाली, "सासू म्हनायची, मुद्दाम ऐकत नाय. मलाबी कधी कधी वाटायचं, मीच ध्यान देत नाय का काय. आता कळलं, हाड हुतं."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो दिवसभर मशीनवर बारीक मापाचं काम करतो, त्यामुळं त्याचे प्रश्न वेगळेच.

"भोक किती एमएमचं?"

"एका एमएमहून लहान."

"ड्रिलनं?"

"हातानं. दोन बोटांत फिरवून."

त्यानं घास खाली ठेवला. "आमच्याकडं लोखंडाचा जॉब फिक्स्चरमध्ये घट्ट आवळल्याबिगर ड्रिल टेकवत नाय. आन् हितं जिता माणूस, श्वास घेतोय, बोलतोय." जेवण होईपर्यंत तो मधूनमधून आपल्याच बोटांकडं बघत होता. झोपायच्या आधी म्हणाला, "पिस्टनची कडी कशी अडकवली, ते परत सांग."

भाईंची पाळी त्यानंतरच्या आठवड्यात आली. त्यांना सिझेरियनला उभं केलं. दुपारी ते खाली आले आणि स्टुलावर बसले. मी विचारलं, "पाहिलं का भाई?"

"हौ, देखा."

"मग?"

"सिस्टरने कात्री दी, बच्चे की नाल काटने. मैं दूर खडा था, पन पैचान लिया. उसका एक सांधा जरा घट्ट है, मैंच तेल डालता उसकू."  त्यांनी दोन बोटं कात्रीसारखी मिटली. "कट् करके आवाज हुआ. और वो रोया. ताई, इत्ता जोर से रोया."

लिफ्टची घंटी वाजली. त्याच ऑपरेशनचा ट्रे खाली आला होता. मी उठायला लागले, तर भाईंनी हातानं थांबवलं.

"बैठो तुम. ये मैं करता," म्हणाले आणि हातमोजे चढवायला लागले.